'बंदी असलेली' गोळी आणि घरच्या ग्रुपवरची लिंक: औषधांची ऑनलाइन माहिती कशी पारखायची

प्रश्न थोडक्यात असा: आई ६४ वर्षांची, मधुमेह जुना. डॉक्टरांनी नुकतीच ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि पायोग्लिटाझोन अशी तिन्ही औषधं एकत्र असलेली गोळी सुरू केली. घरच्या ग्रुपवर कुणीतरी लिंक टाकली, 'पायोग्लिटाझोनवर भारतात बंदी, मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका'. आईने गोळी बंद केली. आता नेटवरचं नक्की काय खरं मानायचं आणि ते ठरवायचं कसं?

ती बातमी खोटी नाही, शिळी आहे. केंद्र सरकारने जून २०१३ मध्ये पायोग्लिटाझोनचं उत्पादन आणि विक्री खरोखरच थांबवली होती. ३१ जुलै २०१३ ला ती बंदी उठली, पण अटी घालून: पाकिटात ठळक इशारा हवा, मधुमेहाचं पहिलंच औषध म्हणून वापरू नये, मूत्राशयाचा कर्करोग असलेल्यांना किंवा होऊन गेलेल्यांना देऊ नये, लघवीतून रक्त जात असेल आणि त्याचं कारण शोधलेलं नसेल तर देऊ नये. म्हणजे बंदी टिकली जेमतेम सहा आठवडे. बंदीची बातमी मात्र गाजली आणि नेटवर तशीच पडून राहिली.

औषधांबद्दलचं धडधडीत खोटं त्या मानाने लवकर ओळखू येतं. 'पांढरीशुभ्र, चकचकीत पी-५०० पॅरासिटामॉल घेऊ नका, त्यात माचुपो विषाणू आहे' हा फॉरवर्ड २०१७ पासून आशियाभर फिरला. माचुपो हा बोलिव्हियातला, उंदरांमार्फत पसरणारा विषाणू. कोरड्या गोळीत तो तग धरत नाही. दोन मिनिटांत निकाल लागतो. खरा घोळ होतो तो खऱ्याच माहितीने. ती असते दुसऱ्या वर्षाची, दुसऱ्या देशाची, दुसऱ्या पॉवरच्या गोळीची किंवा वेगळ्याच आजाराच्या पेशंटची. म्हणून 'साइट भरवशाची आहे का' हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न असा, की ही माहिती आपल्या हातातल्या स्ट्रिपबद्दल आहे का?

त्यासाठी स्ट्रिप उलटी करा. मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीने ठेवलेलं असतं. शोध त्या नावाने घेऊ नका. मागच्या बाजूला बारीक इंग्रजी अक्षरांत प्रत्येक गोळीत काय आहे ते दिलेलं असतं, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड आयपी २ मिग्रॅ, मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड आयपी ५०० मिग्रॅ (हे बहुधा सस्टेन्ड रिलीज म्हणजे हळूहळू सुटणारं), पायोग्लिटाझोन १५ मिग्रॅ. 'आयपी' हा घटक नव्हे. भारतीय औषधसंहितेच्या मानकाप्रमाणे बनवलंय एवढाच त्याचा अर्थ. घटक, प्रत्येकाचे मिलिग्रॅम, गोळीचा प्रकार आणि नावामागचं शेपूट (एसआर, एक्सआर, फोर्ट, डी, एच, एएम) जसंच्या तसं कागदावर उतरवून घ्या. शेपटाने औषध बदलतं. ब्लड प्रेशरच्या टेल्मिसार्टनच्या नावापुढे 'एच' आला की आत लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, 'एएम' आला तर अॅम्लोडिपिन. 'एएम'वाली गोळी घेणाऱ्याला नुसत्या टेल्मिसार्टनचं पान वाचून 'पाय सुजणं' तिथे का ठळक दिसत नाही असा प्रश्न पडतो, कारण सूज अॅम्लोडिपिनची असते.

(स्ट्रिपमधून गोळ्या काढताना बॅच नंबर आणि मुदत छापलेली बाजू शेवटी ठेवा. बहुतेक घरांत ती बाजू आधी फाडली जाते आणि मग गोळी कुठल्या बॅचची हे कुणालाच सांगता येत नाही.)

तुमच्या आईच्या गोळीत तीन औषधं आहेत, म्हणून पानंही तीन वाचायची. थरथर, घाम, अचानक भूक लागणं म्हणजे साखर घसरण्याची लक्षणं, ती मुख्यतः ग्लिमेपिराइडची. जुलाब, मळमळ मेटफॉर्मिनची. घोट्याला सूज आणि वजन वाढणं पायोग्लिटाझोनचं. आणि ती एक गोळी बंद केली की तिन्ही औषधं बंद होतात, हे बातमी पाठवणाऱ्याच्या लक्षात आलेलं नसतं.

मुलं परदेशात असतील तर नावांचा आणखी एक गोंधळ. आपलं पॅरासिटामॉल अमेरिकेत अॅसिटामिनोफेन, आपलं सालब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल, ग्लिबेनक्लामाइड तिथे ग्लायब्युराइड. तिकडची टायलेनॉल घेऊन वर आपली क्रोसिन घेतली, तर एकच औषध दोनदा पोटात जातं. उलटही होतं: नाव एकच, औषधं दोन. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियंत्रक संस्था) २००६ मध्ये याबद्दल लोकांना सावध केलं होतं. त्यातलं एक नाव डायलाकोर. अमेरिकेत ते डिल्टियाझेम होतं आणि सर्बियात डिगॉक्सिन. आणि एखादं औषध अमेरिकेत मिळत नाही म्हणजे तिथे त्यावर बंदी आहे असंही नसतं. निमेसुलाइड या वेदनाशामकाला अमेरिकेत मंजुरी मिळालेलीच नाही. भारतात ते विकलं जातं, पण १२ वर्षांखालच्या मुलांना देण्यावर २०११ पासून बंदी आहे. 'जगभर बंदी' आणि 'भारतात सर्रास' या दोन टोकांमध्ये असे तपशील गळून जातात.

आता तारीख. फॉरवर्डमध्ये बातमीचा फोटो असेल तर तारीख बहुतेक वेळा कापलेली असते, म्हणून मूळ बातमी उघडल्याशिवाय पुढे जायचं नाही. बंदीची बातमी दिसली, की औषधाच्या घटकाचं नाव, त्यापुढे 'बॅन' आणि मग 'रिव्होक्ड' (मागे घेतली) किंवा 'स्टे' (स्थगिती) हे शब्द इंग्रजीत टाकून पुन्हा शोधा. आपल्याकडच्या बंद्यांना कोर्टाचे फेरे असतात. मार्च २०१६ मध्ये सरकारने ३४४ मिश्र औषधांवर (एकाच गोळीत किंवा बाटलीत एकाहून जास्त औषधं) बंदी घातली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर नव्याने बंदी आली आणि त्याच महिन्यात त्यातल्या सॅरिडॉन या डोकेदुखीच्या गोळीला सर्वोच्च न्यायालयाकडून दिलासा मिळाला. यातली एकच बातमी वाचली तर निष्कर्ष चुकणारच. शिवाय अशी बंदी त्या ठरावीक मिश्रणावर असते. पॅरासिटामॉल असलेल्या एखाद्या मिश्रणावर बंदी आली म्हणून पॅरासिटामॉल बाद होत नाही. ऑगस्ट २०२४ च्या १५६ मिश्रणांच्या यादीवरूनही हीच गल्लत झाली.

मग कर्करोगाचं काय? 'पायोग्लिटाझोनने धोका ४० टक्क्यांनी वाढतो' असं वाक्य नेटवर सापडेल, आणि त्याला आधारही आहे. पण ४० टक्के कशाचे? त्या वेळच्या अमेरिकन माहितीपत्रकातच खुलासा होता: वर्षभराहून जास्त काळ औषध घेणाऱ्यांमध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाचं प्रमाण दहा हजारांत सुमारे ७ वरून सुमारे १० वर गेलं. म्हणजे दहा हजार लोकांमागे ३ जास्त. दोन्ही आकडे एकाच अभ्यासाचे, पण पहिला ऐकून माणूस गोळी फेकतो आणि दुसरा ऐकून विचार करतो. त्याच अभ्यासाचे दहा वर्षांचे आकडे २०१५ मध्ये आले तेव्हा वाढ संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकली नाही. तरीही बाकीचे अभ्यास एकमेकांशी जुळत नव्हते, म्हणून एफडीएने २०१६ च्या डिसेंबरात इशारा कायम ठेवला. फ्रान्सने २०११ मध्ये वापर थांबवला हेही खरं, आणि युरोपच्या औषध संस्थेने त्याच वर्षी निर्बंध घालून औषध चालू ठेवलं हेही खरं. टक्क्यांत सांगितलेला कुठलाही धोका दिसला की 'किती जणांत किती, आणि औषध न घेता किती' हे दोन आकडे शोधा. लेखात ते नसतील तर तो लेख निर्णयासाठी कुचकामी, मग लेखक डॉक्टर का असेना.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने पायोग्लिटाझोनला '२ए' गटात घातलंय, हेही कुणीतरी ऐकवेल. त्या गटात लाल मांसही आहे. एखाद्या गोष्टीने कर्करोग होऊ शकतो याचा पुरावा किती पक्का, एवढंच तो गट सांगतो. धोका किती मोठा हे सांगत नाही.

या सगळ्या गदारोळात जे खरोखर बघायला हवं ते मागे पडतं. पायोग्लिटाझोनने शरीरात पाणी साठतं आणि हृदय कमकुवत असेल तर हार्ट फेल्युअर होऊ शकतं किंवा असलेलं बळावू शकतं. अमेरिकन माहितीपत्रकात अगदी वर, चौकटीत छापलेला इशारा हृदयाचाच आहे. आईचे घोटे सुजतात का, काही दिवसांत वजन दोन-तीन किलोंनी वाढलं का, जिना चढताना किंवा आडवं पडल्यावर धाप लागते का, हे प्रश्न ग्रुपवर कुणी विचारले नसतील. बायकांमध्ये हाडं मोडण्याचं प्रमाण या औषधाने वाढतं, तेही चौसष्टाव्या वर्षी महत्त्वाचं आहे.

हे वाचायचं कुठे? सर्वांत भरवशाची जागा म्हणजे औषध मंजूर करणाऱ्या संस्थेने तपासलेलं माहितीपत्रक. अमेरिकेतली पत्रकं तिथल्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या 'डेलीमेड' साइटवर मिळतात, ब्रिटनमधली 'ईएमसी'वर. दोन्ही फुकट. ब्रिटिश पत्रकाला ठरलेले क्रमांक असतात, ते पाठ असले की पाच मिनिटांत काम होतं: ४.१ कशासाठी, ४.२ किती, ४.३ कुणाला द्यायचं नाही, ४.४ काळजी, ४.५ कुठल्या औषधांशी पटत नाही, ४.६ गर्भारपण आणि अंगावर पाजणं, ४.८ दुष्परिणाम. अगदी खाली दहाव्या भागात शेवटच्या दुरुस्तीची तारीख असते. आधी ४.३ वाचा, मग ४.५, आणि मगच ४.८. लोक उलटं करतात, दुष्परिणामांची यादी वाचून घाबरतात आणि आपल्याला लागू पडणारी एकच ओळ राहून जाते. पायोग्लिटाझोनच्या ४.३ मध्ये हार्ट फेल्युअर (सध्याचं किंवा पूर्वीचं), यकृताचा विकार, मूत्राशयाचा कर्करोग आणि लघवीतून रक्त, हे सगळं चार-पाच ओळींत सापडतं. तिन्ही घटकांची अशी एकत्र गोळी तिकडच्या साइटवर सापडणार नाही. घटक सुटे सुटे शोधा.

दुष्परिणामांच्या यादीतले शब्दही मोजून वापरलेले असतात. 'व्हेरी कॉमन' म्हणजे दहात एक किंवा जास्त. 'कॉमन' म्हणजे शंभरात एक ते दहात एक. 'अनकॉमन' हजारात एक ते शंभरात एक, 'रेअर' दहा हजारांत एक ते हजारात एक, 'व्हेरी रेअर' त्याहून कमी. मळमळ आणि यकृत निकामी होणं एकाच परिच्छेदात दिसतात, पण त्यांत हजारपट अंतर असू शकतं.

इतकं जड नको असेल तर सोप्या भाषेसाठी 'मेडलाइनप्लस' आणि ब्रिटनच्या एनएचएसची औषधांची पानं चांगली. भारतासाठी गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनची नॅशनल फॉर्म्युलरी आहे, आणि बंदी, मंजुरी, खराब बॅच यांसाठी केंद्रीय औषध नियंत्रकांची म्हणजे सीडीएससीओची साइट. ती वापरायला त्रासदायक आहे, पण मूळ आदेश तिथेच मिळतात. ऑनलाइन फार्मसीची पानं घटक आणि किंमत बघायला ठीक. तिथे 'डॉक्टरांनी तपासलेले' असं लिहिलं असेल तर तपासल्याची तारीख आणि कंपनीचं नाव आपल्या स्ट्रिपशी जुळवून घ्या. त्याच पानावर 'कार्टमध्ये टाका' असं बटण आहे, हेही डोक्यात असू द्या.

आजार बदलला की त्याच औषधाचं पान बदलतं. याचं सर्वांत धोक्याचं उदाहरण मेथोट्रेक्सेट. संधिवातात ते आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं, साधारण ७.५ ते २५ मिग्रॅ. कर्करोगात त्याचे डोस आणि वेळापत्रक पूर्ण वेगळं. संधिवाताचा पेशंट कर्करोगाचं पान वाचून घाबरतो, हे एक वेळ परवडलं. पण कुठेतरी 'रोज' वाचून आठवड्याची गोळी रोज घेतली तर रक्तपेशी बनणं थांबतं आणि जीव जातो. नेटवरचा डोस आणि चिठ्ठीवरचा डोस जुळत नसेल तर स्वतःहून दुरुस्त करायचा नाही. ज्यांनी चिठ्ठी लिहिली त्यांना फोन करायचा.

लहान मुलांच्या डोसाबाबत तर नेटवर 'इतके मिली' असं लिहिलेलं काहीही वापरू नका. पॅरासिटामॉलचं बघा. डोस वजनाच्या किलोमागे १० ते १५ मिग्रॅ. १० किलोच्या मुलाला जास्तीत जास्त १५० मिग्रॅ एका वेळी. आपल्याकडे ड्रॉप्स असतात १ मिलीत १०० मिग्रॅ, सिरप असतं ५ मिलीत १२० मिग्रॅ आणि दुसरं ५ मिलीत २५० मिग्रॅ. तेच १५० मिग्रॅ ड्रॉप्समध्ये दीड मिली, पहिल्या सिरपमध्ये सव्वासहा मिली, दुसऱ्यात तीन मिली. 'आम्ही सहा मिली देतो' असं कुठेतरी वाचून ड्रॉप्सचे सहा मिली दिले, तर ६०० मिग्रॅ म्हणजे चौपट औषध जातं आणि ते यकृतावर बेततं. बाटलीवरचे मिग्रॅ आणि मिली दोन्ही वाचा आणि मोजायला सोबतचं माप किंवा सुई नसलेली सिरिंज घ्या. घरातला चमचा नको.

'अमुक गोळी चाचणीत नापास' या बातम्यांचा प्रकार निराळा. सीडीएससीओ दर महिन्याला दर्जा न उतरलेल्या औषधांची यादी काढते, आणि त्या यादीत असतो तो बॅच नंबर. अख्खा ब्रँड नापास झालेला नसतो. ऑगस्ट २०२४ च्या यादीत शेलकॅल ५०० आणि पॅन-डी यांच्या बॅचेस होत्या. त्या आमच्या नव्हेत, बनावट आहेत, असं संबंधित कंपन्यांनी सांगितलं. हेडलाइनमध्ये हा फरक उरत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये छिंदवाड्यातल्या मुलांच्या मृत्यूनंतर महाराष्ट्राच्या एफडीएने (राज्याचं अन्न व औषध प्रशासन) कोल्ड्रिफ या खोकल्याच्या सिरपबद्दल इशारा दिला, तोही बॅचसकट: एसआर-१३. त्या बॅचमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष सापडलं होतं. असा इशारा आला की कपाटातली बाटली काढून नाव, बॅच आणि कंपनी तिन्ही जुळतात का ते बघायचं. जुळलं तर बाटली ओतून न देता बाजूला ठेवून एफडीएला कळवायचं. तपासायला तीच लागते. ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडच्या पाकिटांवर क्यूआर किंवा बारकोड बंधनकारक आहे. तो स्कॅन केल्यावर दिसणारा बॅच नंबर छापलेल्याशी जुळला पाहिजे. अर्थात कोडही छापूनच येतो, त्यामुळे तो जुळला म्हणून शंभर टक्के खात्री नाही. जुळला नाही तर मात्र दुकानदाराकडे परत.

विकणाऱ्यांचं थोडक्यात. 'मधुमेह मुळापासून बरा' अशी जाहिरात करणं १९५४ च्या जादूटोणा-औषध जाहिरात कायद्याने गुन्हा आहे, कारण मधुमेह त्या कायद्याच्या यादीत आहे. म्हणजे तो दावा दिसला की पुढचा व्हिडिओ बघायची गरजच उरत नाही. डबीवर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा आकडी नंबर असेल तर तो पदार्थ कायद्याने अन्न आहे, औषध नाही, मग वर 'क्लिनिकली प्रूव्हन' का लिहिलेलं असेना. आणि हळदीतल्या घटकाने काचेच्या बशीत कर्करोगाच्या पेशी मेल्या, हे माणसाच्या आजाराबद्दल काहीच सिद्ध करत नाही.

एआयला विचारलंत तर प्रश्न घटकांच्या नावाने आणि मिलिग्रॅमने विचारा, ब्रँडच्या नावाने नको. भारतीय ब्रँडचे घटक ते बेधडक चुकीचे सांगू शकतं. त्याने दिलेला आकडा माहितीपत्रकात सापडला तरच धरायचा.

आता आईचं. गोळी बंद होऊन किती दिवस झाले ते मोजा, आजची उपाशीपोटीची साखर तपासा आणि आजच डॉक्टरांना फोन करा. विचारायचं एवढंच: हृदयाचा त्रास किंवा पायाची सूज आहे का हे बघून पायोग्लिटाझोन दिलंय ना, लघवीतून कधी रक्त गेलं होतं का हे विचारलं होतं का, आणि तीन ते सहा महिन्यांनी उपयोग होतोय का ते कसं बघणार? पायोग्लिटाझोनचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे जातात, त्यामुळे पंधरा दिवसांत 'फरक नाही' असं म्हणता येत नाही. यातल्या एखाद्या उत्तराने डॉक्टरांनी औषध बदललं तर बदलू दे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड वेगळी लिहून देता येतात. पुन्हा सुरू करताना बुडालेल्या गोळ्या भरून काढायला दोन घ्यायच्या नाहीत, आणि ग्लिमेपिराइडमुळे गोळीनंतर जेवण चुकवायचं नाही. नंतर काही विचित्र त्रास झाला आणि तो औषधाचा वाटला, तर डॉक्टरांना सांगून १८००-१८०-३०२४ या सरकारी क्रमांकावर नोंदवा. त्यासाठी घटकांची नावं, बॅच आणि गोळी सुरू केल्याची तारीख हाताशी ठेवा.